व्रण : गोष्टीतला आणि गालावरचा

हॉस्टेलमध्ये मला माझ्या खऱ्या नावानं ओळखणारे फार थोडे आहेत. पण सी विंगमध्ये येऊन 'चेन कुठं राहतो?' असं विचारा, कुणीही माझी रूम दाखवेल. माझ्या डाव्या गालापासून हनुवटीपर्यंत एक वण आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना टाक्यांच्या बारीक खुणा आहेत. बॅगेच्या चेनसारखा दिसतो, म्हणून 'चेन'. पहिल्याच आठवड्यात एका सिनियरनं हे नाव ठेवलं. नाव ठेवणाऱ्याचं निरीक्षण चांगलं होतं, एवढं मान्य करायला हवं!

तो वण कसा आला, हे सगळ्यांना हवं असतं. सांगून टाकतो. मी मूळचा नळदुर्गचा. पहिलीत असताना पतंगामागे धावत होतो. नजर वर आणि समोर शेजाऱ्यांच्या गोठ्याचा पत्रा. नऊ टाके पडले. झाली कथा! ना तलवार, ना सूड, ना जुनं वैर. ऐकणाऱ्याचा चेहरा दर वेळी पडतो. एवढ्या मोठ्या वणाची एवढीशी गोष्ट?

या विषयावर लिहावं असं वाटलं ते गेल्या वर्षीच्या गॅदरिंगनंतर. आमच्या विंगनं एकांकिका बसवली होती. त्यात एक गावगुंड होता. बाकी सगळ्यांना दिग्दर्शकानं दोन-दोन वेळा वाचायला लावलं, मला मात्र बघताक्षणी म्हणाला, "गुंड तूच. तुझ्या मेकअपचा खर्च वाचला." सगळे हसले, मीही हसलो. कामही मनापासून केलं, टाळ्याही मिळाल्या. पण दुसऱ्या दिवशी मेसमध्ये गेलो, तर मेसच्या मावशींची चार वर्षांची नात, जी रोज माझ्याकडून चॉकलेट मागून घ्यायची, ती मावशींच्या पदरामागे लपली. आठवडाभर जवळ आली नाही. वण तोच होता. तिनं तो वर्षभर बघितलेला होता. मग एका रात्रीत काय बदललं? आम्ही तिला स्टेजवरून शिकवलं होतं, की असा गाल असलेला माणूस वाईट असतो.

तेव्हापासून पुस्तक वाचताना, सिनेमा बघताना मी एकच गोष्ट शोधत असतो. इथे वण कुणाला दिलाय आणि कशासाठी? पी.एल.मध्ये अभ्यास सोडून मिळवलेलं हे ज्ञान तुमच्यापुढे ठेवतो.

नळराजाच्या गावापासून

सुरुवात माझ्या गावापासूनच करतो, कारण ती खरंच तिथे आहे. नळदुर्गचा किल्ला तुमच्यापैकी काहींनी सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं जाताना पाहिला असेल. बोरी नदीवरचा बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल, पावसाळ्यात कोसळणारे नर-मादी धबधबे. पाणीमहाल आदिलशाहीतला, १६१३ सालचा. पण गावातलं कुणीही तुम्हाला किल्ल्याचं नाव नळराजावरून पडलं असंच सांगेल. इतिहासाच्या सरांना हे पटो न पटो, आख्यायिका आहे खरी.

महाभारताच्या वनपर्वात नळ-दमयंतीची कथा आहे. ती आपण लहानपणी राजहंसापुरतीच ऐकतो. पूर्ण वाचली तेव्हा कळलं, की ती कथा चक्क शरीरावरच्या खुणांवर उभी आहे.

नळ द्यूतात राज्य घालवतो आणि दमयंतीला रानात सोडून जातो. ती भटकत चेदी देशाच्या राजवाड्यात पोचते आणि दासी म्हणून राहते. तिच्या वडिलांनी शोधाला पाठवलेला सुदेव नावाचा ब्राह्मण तिला ओळखतो. तिच्या दोन भुवयांच्या मध्ये जन्मखूण असते, पण ती मळाखाली झाकलेली असते. राजकन्या सुनंदा तो मळ पुसते, खूण दिसते आणि दमयंतीची ओळख पटते. म्हणजे इथे खूण काम करते ती ओळख उघड करण्याचं.

नळाचं नेमकं उलट. वणव्यात सापडलेल्या कर्कोटक नागाला तो वाचवतो आणि तोच नाग त्याला डसतो. नळ विद्रूप होतो. नाग म्हणतो, लोकांनी तुला ओळखू नये म्हणून मी हे केलंय. पुढे नळ 'बाहुक' या नावानं अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी होतो. इथे विद्रूपता ओळख लपवते, आणि तो शाप नसून उपकार असतो!

मग दमयंती त्याला ओळखते कशी? चेहरा तर उपयोगाचा नाही. ती आपल्या दासीला त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगते, त्यानं शिजवलेलं अन्न मागवून चव घेते, मुलांना त्याच्याकडे पाठवते. मुलांना पाहून तो त्यांना कवटाळून रडतो. हाताची चव आणि मुलांवरची माया, यावरून ती नवऱ्याला ओळखते. चेहऱ्याचा विषय सगळ्यात शेवटी येतो.

मला वाटतं, चेहऱ्यावरच्या खुणांबद्दल इतकं शहाणपणानं फार थोड्या गोष्टींत लिहिलेलं आहे. खुणेवरून माणूस *सापडतो*. माणूस *कळतो* तो दुसऱ्याच कशावरून तरी.

गोष्टीतला वण कोणकोणती कामं करतो?

एकदा शोधायला लागलो, तेव्हा वणाची ठरलेली चार कामं दिसू लागली.

पहिलं काम ओळख पटवण्याचं. दमयंतीचं उदाहरण वर आलंच. ग्रीक महाकवी होमरच्या 'ओडिसी'त वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी आलेल्या ओडिसियसचे पाय धुताना म्हाताऱ्या दाईला त्याच्या मांडीवरचा, रानडुकरानं केलेला जुना वण लागतो आणि ती त्याला ओळखते. आपल्या जुन्या हिंदी सिनेमातल्या, जत्रेत हरवलेल्या भावांच्या खुणा याच खानदानातल्या! फॉर्मवर 'ओळखीची खूण' असा रकाना येतो, तिथे तुम्ही सगळे तीळ शोधत बसता. माझं काम दोन सेकंदांत होतं.

दुसरं काम पदकाचं. पानिपतावर १७६१ मध्ये पायाला झालेल्या जखमेनं महादजी शिंदे जन्मभर लंगडत राहिले. यशवंतराव होळकरांचा एक डोळा गेलेला होता. त्यांच्यावरची ना. सं. इनामदारांची 'झुंज' ही कादंबरी आपल्या लायब्ररीत आहे. या माणसांच्या शरीरावरच्या खुणा आपण अभिमानानं सांगतो. पण १६६३ मध्ये लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं तुटली, ती सांगताना शाळेच्या नाटकात सगळं पब्लिक हसतं. घाव दोन्हीकडे तलवारीच्या काळातलेच. आपल्या माणसाचा असला की वीरखूण आणि समोरच्याचा असला की फजिती. घावाचा अर्थ घावात नसतो, तो सांगणाऱ्याच्या बाजूवर ठरतो.

तिसरं काम शिक्षेचं. शूर्पणखेचं नाक कापलं ते इथं, आणि नासिकेवरून नाशिक हे नाव पडलं, असं लोककथा सांगते. म्हणजे एका कापलेल्या नाकाच्या नावानं अख्खं शहर! ही शिक्षा गोष्टीपुरती नव्हती, सरकारंही ती देत आली. आमच्या नळदुर्गचा याच्याशी थोडा संबंध आहे. १८५३ नंतर काही वर्षं नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी पाहत होता. ठगांच्या जबानीवर आधारलेली, १८३९ मधली गाजलेली कादंबरी लिहिली ती त्यानंच. टेलरच्या तरुणपणी कंपनी सरकारच्या बंगाल प्रांतात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवला जाई. १८४९ मध्ये हा प्रकार बंद झाला. कपाळ बघा आणि माणूस वाचा, असा सरकारी हिशोब. टेलरच्या कादंबरीत मात्र खूण भलत्याच वेळी बोलते. ठग झालेला नायक, ज्या बाईला मारलं ती आपलीच बहीण होती, हे तिच्या गळ्यातल्या जुन्या नाण्यावरून ओळखतो, तेही ती मेल्यावर.

चौथं काम सगळ्यात सोपं आणि म्हणून सगळ्यात जास्त वापरलेलं, ते म्हणजे खलनायकाची पाटी. 'द लायन किंग' (१९९४) मधल्या दुष्ट काकाचं तर नावच 'स्कार', म्हणजे वण! जेम्स बाँडच्या १९६७ च्या सिनेमातला ब्लोफेल्ड आठवा, डोळ्यावरून गालावर उतरलेली रेघ. चोपन्न वर्षांनी, २०२१ च्या बाँडपटातही खलनायकाचा चेहरा व्रणांनी भरलेलाच होता. मध्यंतरी, २०१८ मध्ये, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं जाहीर केलं होतं, की ज्या सिनेमांत चेहऱ्यावरचे व्रण केवळ दुष्टपणा दाखवायला वापरले आहेत, त्यांना आम्ही पैसा देणार नाही. चेहऱ्यावर व्रण असणाऱ्या लोकांनी 'आम्ही तुमचे खलनायक नाही' अशी मोहीम चालवली होती, तिला हा पाठिंबा होता. हे वाचलं तेव्हा मला मेसमधली ती चिमुरडी आठवली. म्हणजे हा प्रश्न फक्त आमच्या सी विंगचा नव्हता तर!

गंमत अशी, की हे समीकरण आपलं मूळचं नाही. वाल्मीकीच्या सुंदरकांडात हनुमान झोपलेला रावण बघतो, तेव्हा त्याच्या बाहूंवर ऐरावताच्या सुळ्यांचे वण असल्याचं वर्णन येतं. ते वाचून किळस येत नाही, रावणाच्या ताकदीचा दरारा वाटतो. विष्णूच्या छातीवर भृगू ऋषीनं मारलेल्या लाथेची खूण आहे, ती देवानं भूषण म्हणून मिरवली अशी कथा आहे. तेच 'श्रीवत्सलांछन' पंढरीच्या विठोबाच्या छातीवरही सांगतात. आता हा 'लांछन' शब्द बघा. मुळात अर्थ फक्त खूण. आज आपण 'लांछनास्पद' कशाला म्हणतो? 'डाग' आणि 'कलंक' यांचंही तेच झालं. खुणेचे एवढे शब्द भाषेत हळूहळू बदनामीकडे सरकले.

याचं एक कारण मला सुचतं, बघा पटतंय का. आमच्या आज्जीच्या पिढीत चेहऱ्यावर देवीचे वण असलेली माणसं गल्लोगल्ली होती. ज्या रोगानं चेहरा कायमचा बदलायचा, त्याला आपल्या लोकांनी नावच 'देवी' दिलेलं. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. फार मोठं काम झालं, यात शंका नाही. पण त्यानंतर खुणा असलेला चेहरा रोजच्या बघण्यातला राहिला नाही. तो आता जास्त दिसतो पडद्यावर, आणि पडद्यावर तो बहुतेक वेळा खलनायकाचा असतो.

चाहते काय करतात?

आवडत्या गोष्टीतली पात्रं घेऊन चाहते स्वतः कथा लिहितात, चित्रं काढतात, त्यांच्यासारखा वेष करतात. याला हल्ली 'फॅन वर्क' म्हणतात. नाव नवं असलं तरी काम जुनं आहे. कीर्तनातली आख्यानं काय, किंवा आमच्या गावानं किल्ल्याला नळाचं नाव देणं काय, हेही चाहत्यांचंच काम की! आणि चाहत्यांचं वणांकडे फार लक्ष असतं. दोन उदाहरणं महाभारतातलीच घेतो.

कर्णानं कवचकुंडलं अंगावरून कापून इंद्राला दिली, हे आपल्याला माहीत आहे. आपल्या डोळ्यांसमोर रक्तानं माखलेला कर्ण येतो, कारण चित्रांनी आणि नाटकांनी तो तसाच दाखवला. पण मूळ महाभारतात कर्ण इंद्राकडे अट घालतो, की कवच सोलल्यावर माझं शरीर विद्रूप होऊ नये. इंद्र ती मान्य करतो. म्हणजे व्यासांनी कर्णाच्या अंगावर वण ठेवलाच नाही! चाहत्यांना मात्र ते पुरेसं वाटलं नाही. एवढ्या मोठ्या त्यागाची खूण दिसायलाच हवी, असं त्यांना वाटलं.

अश्वत्थाम्याचंही तसंच. सौप्तिकपर्वात तो डोक्यावरचा मणी पांडवांना देऊन टाकतो आणि कृष्ण त्याला तीन हजार वर्षं रक्ता-पुवाच्या दुर्गंधीसह एकटा भटकण्याचा शाप देतो. कपाळावरची कधीच न भरणारी जखम, आणि त्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरणारा म्हातारा, ही लोकांची भर. सातपुड्यातली माणसं आजही तो भेटल्याच्या गोष्टी सांगतात. 'अश्वत्थाम्याची भळभळती जखम' हा आपला वाक्प्रचारच झाला. २०२४ च्या 'कल्की' सिनेमात अमिताभ बच्चनच्या कपाळावर जखम दाखवली, ती याच लोकांच्या अश्वत्थाम्याची. आणि गंमत म्हणजे ज्यानं झोपलेल्या पोरांना मारलं, त्याचीही लोकांना दया आली. वण माणसाला राक्षस करतो तसाच कधी राक्षसाला माणूसही करतो.

आता आपल्या पिढीकडे येऊ. हॅरी पॉटर (पहिलं पुस्तक १९९७, शेवटचं २००७) आपल्यातल्या निम्म्या जणांनी वाचलाय. त्याच्या कपाळावर विजेच्या आकाराचा वण असतो. कुणीही नवा माणूस भेटला, की त्याची नजर हॅरीच्या डोळ्यांवरून घसरून कपाळाकडे जाते, हे लेखिकेनं बरोबर टिपलंय. मी रोज अनुभवतो, फक्त माझ्या बाबतीत नजर खाली उतरते. शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये आईच्या आयलायनरनं कपाळावर वीज काढून किती पोरं हॅरी झाली असतील! एक वण पोरांना *हवासा* वाटला, हे त्या पुस्तकाचं मोठंच काम. पण तो वण सुबक आहे, लहान आहे आणि केसांखाली झाकता येतो, हेही खरं. त्याच मालिकेच्या सहाव्या पुस्तकात बिल वीझलीचा चेहरा हल्ल्यात फाटतो आणि त्याची आई धरून चालते, की आता लग्न मोडणार. नवरी उलट तिच्यावरच भडकते. तो प्रसंग मला वीज असलेल्या कपाळापेक्षा जास्त आवडतो.

चाहत्यांच्या कथांचे ढोबळमानानं दोन प्रकार दिसतात. एकात वण पुसून टाकतात. 'अवतार' या कार्टून मालिकेतल्या (२००५ ते २००८) राजपुत्र झुकोचा चेहरा त्याच्या सख्ख्या बापानं जाळलेला असतो. मालिकेत एकदा तो बरा करण्याची वेळ येते आणि हुकते. मग चाहत्यांना राहवत नाही, ते आपल्या कथेत तो बरा करतात. हेतू चांगला, पण त्यातून म्हणायचं काय असतं? वण गेल्याशिवाय पोरगा सुखी होणार नाही? दुसऱ्या प्रकारात एक पात्र दुसऱ्याच्या वणावर हळूच बोट ठेवतं, 'हे कसं झालं?' विचारतं, मग रडणं आणि मग प्रेम. वाचायला गोड वाटतं. पण खरं सांगू का, आजवर ज्यांनी ज्यांनी परवानगी न विचारता माझ्या गालावर बोट ठेवलंय, त्यांच्यापैकी कुणाच्याही प्रेमात मी पडलेलो नाही!

थोडं मटेरियल सायन्स

इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात लिहितोय, तेव्हा थोडी थिअरी आलीच पाहिजे, नाहीतर सर म्हणतील भरकटलास.

त्वचेच्या खालच्या थरात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. निरोगी त्वचेत ते टोपली विणल्यासारखे चहूदिशांनी गुंफलेले असतात. खोल जखम झाली, की शरीर घाईनं दुरुस्ती करतं आणि नवे धागे बरेचसे एकाच दिशेत टाकतं. फायबर तेच, विणकाम वेगळं. म्हणून वण ताणाला वेगळा प्रतिसाद देतो. पूर्ण पिकलेल्या वणाची टेन्साईल स्ट्रेंथ मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोचते. वेल्डिंगच्या जॉइंटची आठवण आली ना? शिवाय खोल वणात केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी परत तयार होत नाहीत. म्हणून मी कितीही दाढी वाढवली, तरी मधून एक पायवाट जातेच.

वण सुरुवातीला लाल, जाड, खाजरा असतो. पिकायला साधारण वर्षभर, कधी दोन वर्षं लागतात. मग तो फिका, चपटा होतो. काहींच्या बाबतीत मूळ जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जातो, त्याला कीलॉइड म्हणतात. सावळ्या लोकांत, कान टोचल्यावरसुद्धा, तो जास्त आढळतो. लहानपणीचा वण शरीराबरोबर वाढतो. माझा वण पहिलीत केवढासा होता, आज त्याच्या दीडपट आहे.

हे माहीत असलं की लेखकांच्या आणि मेकअपवाल्यांच्या चुका लगेच सापडतात. वीस वर्षांपूर्वीचा घाव अजून लालभडक. तलवार भुवईपासून गालापर्यंत सरळ गेली, मधला डोळा मात्र ठणठणीत! भाजलेल्या हातानं नायक लगेच मूठ वळून मारामारी करतो, प्रत्यक्षात भाजल्याचा वण आकसतो आणि बोटं वाकवणं हीच लढाई असते. थंडीत ताणणारा गाल, हसताना एका बाजूला ओढला जाणारा ओठ, न्हाव्याचा अडखळणारा हात, हे कुणीच लिहीत नाही. वण *दिसतो* कसा एवढंच लिहितात. तो *असतो* कसा, ते राहून जातं.

ज्या वणाची गोष्ट सांगत नाहीत

आता थोडं घरचं. माझ्या आईच्या कपाळावर, केसांच्या रेषेलगत, एक जुना वण आहे. ती भांग जरा तिरका पाडते, म्हणून दिसत नाही. तिचं माहेर सास्तूर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार अंगावर आला. सरकारी आकड्यानुसार त्या पहाटे साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. आपण हा भूकंप स्ट्रक्चर्सच्या लेक्चरला 'केस स्टडी' म्हणून शिकलो. मी तेव्हा वहीत एकही ओळ लिहिली नाही.

एकदा सुट्टीत आईला विचारलं, "आई, हे कपाळावरचं तेव्हाचंच ना?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "होय. लागलंय तवा." मी म्हटलं, "कसं लागलं, सांग की." तर म्हणाली, "लागलं ते बरं झालं, आता त्यात काय सांगायचंय? ताट घे."

मी आधी खट्टू झालो. नंतर लक्षात आलं, की माझा वण बघून लोक जे करतात, तेच मी तिच्याशी केलं. आपल्याला गोष्टींनी सवय लावलीय, की वण दिसला म्हणजे त्यामागची कथा मिळालीच पाहिजे. 'द डार्क नाइट' (२००८) मधला जोकर या सवयीची मस्त फिरकी घेतो. तोंडाच्या कोपऱ्यांवरचे वण कसे आले, हे तो प्रत्येकाला वेगवेगळं सांगतो आणि खरं काय ते शेवटपर्यंत कळत नाही. जोकर आहे खलनायकच, पण या एका बाबतीत त्यानं लेखकाच्या हातातलं आयतं कारण काढून घेतलं.

चांगली उदाहरणं आपल्याकडेही आहेत. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा 'जैत रे जैत' (१९७७) बघा. मधमाश्यांच्या हल्ल्यात नाग्याचा डोळा जातो, पण तो खलनायक होत नाही. तो नायकच राहतो आणि गेलेल्या डोळ्याचा राग हीच कथेची गाडी पुढे नेते. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या मुलीवरचा 'छपाक' (२०२०) तिच्या चेहऱ्याइतकाच तिच्या कोर्टातल्या तारखांवर आणि नोकरीच्या शोधावर बोलतो. अशा ठिकाणी वण पात्राच्या *मालकीचा* असतो. दिग्दर्शकाच्या सोयीचा नसतो.

यंदाचं गॅदरिंग

यंदा मी विंगमध्ये हट्टानं नळ-दमयंती सुचवली. 'तुझ्या गावाची जाहिरात' वगैरे चिडवून झालं, पण स्क्रिप्ट सगळ्यांना आवडलं. आणि नळाचं काम मी मागून घेतलं. विद्रूप बाहुक आणि देखणा नळ, दोन्ही एकाच नटानं करायचे होते. दिग्दर्शक गेल्या वर्षीचाच. त्याची आयडिया तयार होती. बाहुक असताना वण काजळानं गडद करायचा आणि शेवटी नळ झाल्यावर पॅनकेकनं पूर्ण झाकायचा.

मी म्हटलं, "वण आहे तसाच राहू दे. दोन्हीकडे."

"अरे, मग लोकांना फरक कसा कळणार?"

"तो मी चालण्यातून दाखवतो. नाही जमलं, तर काजळ आहेच."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गेल्या वर्षी तुला वाईट वाटलं होतं का रे?" मी "हो" म्हणालो. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यानं काजळाची डबी सरळ खिशात टाकली आणि तालमीला हाक दिली. महिनाभर पाठीत बाक काढून चालायला शिकलो, पाठ अजून दुखते.

प्रयोग ठीक झाला, बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी दमयंतीच्या प्रकाशयोजनेबद्दल दोन शब्द ऐकवले. वणाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये मावशींची नात सरळ माझ्या टेबलाशी आली. मी जरा धास्तावलोच होतो. तिनं माझ्याकडे रोखून बघितलं आणि विचारलं, "दादा, तुमचा रथ होता, मग घोडे कुठायत?"

तिला मी पुढच्या वर्षी घोडे आणायचं कबूल केलंय, तेव्हा मेकॅनिकलवाल्यांनी आत्तापासूनच विचार सुरू करावा.

तुमच्यापैकी जे लिहितात, नाटकं बसवतात, चित्रं काढतात, त्यांना एकच विनंती आहे. एखाद्या पात्राच्या गालावर रेघ ओढण्याआधी ती रेघ पुसून बघा. माणूस तरीही वाईट वाटला, तर तुम्ही खलनायक नीट लिहिलाय. नाही वाटला, तर काम अजून बाकी आहे. पेन्सिल खाली ठेवा आणि आधी ते पूर्ण करा.

असो. सबमिशन जवळ आलंय, थांबतो. कधी सी विंगकडे आलात, तर 'चेन'ची रूम विचारा. वणाबद्दल विचारलंत तरी चालेल. फक्त गोष्ट पत्र्याचीच मिळेल!